बाबांची पाण्याची वही : काय करावे?

कुळागरातली – २० एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते खूप, लिहिते क्वचित. आज तुमचा सल्ला हवा आहे म्हणून धागा काढते.

माझे बाबा गोव्याच्या अग्निशामक दलात होते. १९८२ साली फायरमन म्हणून लागले, २०१६ साली निवृत्त झाले. फोंडा, वाळपई, डिचोली, कुडचडे आणि शेवटी परत फोंडा. मार्चअखेरीस ते गेले. घर आमचे सावईवेऱ्याला, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत). तेराव्याची माणसे पांगल्यावर भावाने त्यांची ट्रंक उघडली. पट्टा, पितळी शिट्टी, निरोपसमारंभातली शाल (घडीसुद्धा मोडलेली नाही) आणि तळाशी एक लांबट हिशेबाची वही. लाल कापडी पुठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या.

आम्हाला वाटले, उधारउसनवारी असेल. उघडली तर पानोपानी पाणी. गाव, वाडा, बांय (विहीर) की तळी की व्हाळ (ओढा), रस्त्यापासून किती पाइप लागतात, मे महिन्यात काठापासून पाणी किती खाली असते, बंब वळतो की मागे घ्यावा लागतो. चौतीस वर्षांची नोंद, पेन्सिलीने आणि तीन-चार रंगांच्या पेनांनी. काही नमुने देते, माणसांची नावे गाळून:

“वाट चिंचोळी. बंब पाठीमागून घालणे. ४ पाइप. मेअखेर पाणी ५ मीटर. आंब्याची फांदी आड येते.”

“पोंय (खाडीकाठचे तळे). भरतीला पाणी, सुकतीला (ओहोटीला) चिखल. सक्शन चोंदते. वेळ बघून जाणे.”

“बांय मोठी पण भाटकाराला (जमीनमालकाला) आधी हाक मारणे. कुत्रा सोडलेला असतो.”

“नागेशीची तळी. पाण्याची चिंता नाही. पायरीवर शेवाळ, सांभाळून.”

आई म्हणते, वही देवघराखालच्या कपाटात ठेव. भाऊ म्हणतो, स्टेशनवर देऊन टाकू, त्यांच्या उपयोगाची आहे. मला दोन्ही पटते आणि दोन्ही पटत नाही. तुम्ही काय केले असते? आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी बंबावरचा माणूस असेल तर त्यांच्याबद्दलही लिहा. मला सध्या असे वाचावेसे वाटते.


अबोली – २० एप्रिल, रात्री १०:०५

वाचून डोळे भरून आले गं. तुझ्या बाबांना नमस्कार.

माझे मत: मूळ वही घरीच ठेव. झेरॉक्स काढून स्टेशनवर दे. अक्षर परत मिळत नाही.


शाळामास्तर – २० एप्रिल, रात्री १०:३०

हा ठेवा आहे. गोव्यातल्या विहिरी, तळ्या, झरी यांची अशी गावोगावची नोंद एका माणसाने हाताने केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. प्रत्येक पानाचा नीट फोटो काढा आणि नकाशावर खुणा करून सर्वांसाठी खुले करा. उद्या एखादा मुलगा गावाच्या पाण्याचा अभ्यास करायला बसला तर त्याला याहून मोठा आधार कुठला?


घाटावरचा – २१ एप्रिल, सकाळी ७:५०

शाळामास्तर, आपल्याबद्दल आदर आहे, पण असहमत. जुनी नोंद जशीच्या तशी लोकांपुढे ठेवणे धोक्याचे आहे. १९९० साली पाणी असलेली विहीर आज बुजवलेली असू शकते, तिच्यावर बंगला उभा असू शकतो. कुणी वहीवर भरवसा ठेवून बंब तिथे नेला तर हातची दहा मिनिटे गेली. आग दहा मिनिटे थांबत नाही.

ठेवायचीच असेल तर आठवण म्हणून ठेवा. कामासाठी वापरायची असेल तर आधी तपासा.


बंबवाला_निवृत्त – २१ एप्रिल, दुपारी १:१५

मी मुंबईत बंबावर होतो, आता सावंतवाडीला असतो. ताई, तुमच्या वडिलांना सलाम. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण ही वही वाचून माणूस ओळखला.

ती “५ मीटर” नोंद का केली, हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. पंप पाणी खेचतो असे आपण म्हणतो. खरे तर तो नळीतली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून पंप कितीही दांडगा असला तरी जेमतेम दहा मीटरपर्यंतच पाणी चढणार, आणि प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरलाच दम सुटतो. म्हणजे तुडुंब विहीर असली आणि पाणी नऊ मीटर खाली असले, तर बंबाच्या दृष्टीने ती कोरडीच. मग पोर्टेबल पंप खाली सोडा, नाहीतर दुसरे पाणी शोधा.

आता हिशेब बघा. साधारण साडेचार हजार लिटर पाणी घेऊन बंब येतो. एक जेट पूर्ण सोडला तर ते दहा मिनिटांत संपते. शहरात हायड्रंट असतो, टँकर येतो. सत्तरी तालुक्यात, फोंडा तालुक्याच्या डोंगरवाड्यांत कोण येणार? तिथे बंबावरच्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत पुढचे पाणी ठाऊक असले पाहिजे. घाटावरचा म्हणतात ती दहा मिनिटे नेमकी हीच.

आमचे जुने अधिकारी नव्या पोरांना सुट्टीच्या दिवशी हद्दीत पायी फिरवायचे. गल्ल्या, वळणे, पाणी. कागदावर लिहिलेले मात्र मी कुणाकडेच बघितले नाही.


कुळागरातली – २१ एप्रिल, रात्री ९:००

दादा, तुमचे वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, “आता कळलें, हर बांयत कित्याक देंवतालो तो.” (प्रत्येक विहिरीत का उतरायचे ते.)

बाबा लग्नाला गेले तरी मांडवात शिरण्याआधी यजमानांच्या विहिरीत डोकावायचे. माझे लग्न ठरत होते तेव्हा डिचोलीला सासरच्या घरी बघायला गेलो. सगळे सोप्यावर बसले, चहा आला, आणि बाबा गायब. ते परसात विहिरीत दोरी सोडून उभे. सासूबाईंना वाटले, मुलीला पाणी ओढायला किती त्रास होईल ते बघतायत. त्यांनी लगबगीने सांगितले, “पंप आसा हां, ओडचें पडना!” (पंप आहे, ओढावे लागत नाही.) बाबा म्हणाले, “पंप आसूं. उदक कितलें सकयल तें पळयतां.” (पंप असू दे, पाणी किती खाली ते बघतोय.) सासरी आजही हे सांगून हसतात. वहीत त्या विहिरीची नोंद आहे, तारखेसह. माझ्या साखरपुड्याच्या दोन महिने आधीची.

आम्हा भावंडांना त्यांचे एकच वाक्य पाठ होते: “उजो मागीर. पयलीं उदक खंय आसा तें पळय.” (आग नंतर. आधी पाणी कुठे आहे ते बघ.) परीक्षेच्या अभ्यासालाही तेच, आजारपणालाही तेच.


तिखटमीठ – २१ एप्रिल, रात्री ९:२०

“पंप आसा हां” वाचून मोठ्याने हसले आणि लगेच गळा दाटला. अजून लिही ना त्यांच्याबद्दल. घरी कसे होते?


कुळागरातली – २२ एप्रिल, रात्री १०:१०

घरी? कमी बोलायचे. स्वयंपाक उत्तम. स्टेशनवर सगळे मिळून रांधायचे, तिथे शिकले. ड्युटी नसली की बांगड्याचे हुमण तेच करणार आणि तिरफळे ठेचून घालणार. आईला त्या दिवशी चुलीपाशी येऊ द्यायचे नाहीत.

रात्रीची फेरी त्यांची ठरलेली. गॅसचा रेग्युलेटर बंद, देवघरातले निरांजन विझवून वातीवर बोट फिरवून बघणार, समईखाली ताट आहे ना बघणार, काडेपेटी फळीवर त्याच कोपऱ्यात. मग दारे. लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांच्या पायांचा आवाज ऐकत झोपायचे. आम्हाला सांगून ठेवले होते: गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, लावायला नाही आणि बंद करायलाही नाही. खिडक्या-दारे उघडायची, आणि दार खालपर्यंत उघडायचे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो.

चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधायचे काम त्यांचे. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, कांगलां, तोरिंगण, चिबूड. सगळे वजन छताला, पण त्यांची गाठ कधी सुटली नाही. नोकरीत शिकलेली गाठ होती ती. विसर्जनानंतर एक टोक ओढले की सगळी माटोळी अलगद उतरायची. भावाला ती गाठ येते. माझ्या मुलाला बाबा गेल्या चवथीला शिकवत होते, अर्धी राहिली.


मनातलं_कोणी – २३ एप्रिल, पहाटे १२:३५

मी जरा वेगळे लिहितो, रागावू नका.

माझेही वडील याच नोकरीत होते, दुसऱ्या राज्यात. आमच्या घरी आठवण आहे ती रिकाम्या खुर्चीची. दिवाळीत फटाक्यांच्या आगी, म्हणून ड्युटी. होळीला ड्युटी. माझ्या मुंजीला ते अर्ध्यातून गेले. लोकांची घरे वाचवली, सगळे कौतुक करतात. पण आम्ही मुले त्यांना ओळखतच नव्हतो. आज ते ऐंशीचे आहेत आणि आमच्यात बोलायला काही नाही. अशा धाग्यांवर सगळे गोड लिहितात, म्हणून हेही लिहावेसे वाटले.


अबोली – २३ एप्रिल, सकाळी ८:००

@मनातलं_कोणी, रागावण्यासारखे काहीच नाही. लिहिलेत ते बरे केलेत.


कुळागरातली – २३ एप्रिल, रात्री ९:३०

@मनातलं_कोणी, तुमचे लिहिणे मी तीनदा वाचले. आमच्याकडेही हे होते.

गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. कागद, गवत, आत फटाके. विजेच्या तारांखालून मिरवणूक. त्या रात्री बाबा घरी असलेले मला आठवतच नाहीत. गल्लीतली सगळी मुले वडिलांच्या खांद्यावर बसून नरकासुर बघायची. मी बारा वर्षांची असताना एकदा म्हटले होते, “तुका आमचेपरस नरकासूर लागीं.” (तुला आमच्यापेक्षा नरकासुर जवळचा.) बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून आले, धुरकट वासाचे. आंघोळ केली आणि मग दुपारी दोन वाजता आम्हाला पाटावर बसवून स्वतः तेल लावले, उटणे लावले, कारीट फोडले. शेजारी हसत होते. त्यानंतर दर वर्षी आमचे अभ्यंगस्नान दुसऱ्या दिवशी दुपारी. माझ्या मुलांचेही.

पण २०१४ च्या जानेवारीत काणकोणला चावडीवर बांधकाम चाललेली इमारत कोसळली, तेव्हा ते तिथे होते. मजूर ढिगाऱ्याखाली, शोध कितीतरी दिवस चालला. परत आले ते वेगळेच. महिनाभर जेवताना मान वर करत नव्हते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. वहीतही त्या दिवसांचे एक अक्षर नाही. तेव्हा विचारायला हवे होते, ही माझी बोच आहे. तुमचे वडील आहेत. तुम्ही विचारा.


मनातलं_कोणी – २३ एप्रिल, रात्री ११:५५

बघतो.


डॉक्टरीण_मडगाव – २४ एप्रिल, दुपारी ३:१०

वर धुरकट वासाचा उल्लेख आला म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचे काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातले. आगीत प्लास्टिक, रंग, फोम जळतो. त्याची काजळी कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते. आग विझल्यावर राख उपसताना जवान मास्क काढतात, तेव्हाही हवा विषारीच असते. ज्यांच्या घरी कुणी या नोकरीत आहे त्यांनी एवढे करावे: कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, लहान मुलांना उचलण्याआधी आंघोळ, आणि वर्षाला एकदा नीट तपासणी.


कुळागरातली – २४ एप्रिल, संध्याकाळी ७:००

डॉक्टर, आई त्यांचे कपडे न्हाणीघरातही घ्यायची नाही, बाहेर दगडावर वेगळे धुवायची. सोवळे म्हणून नव्हे, वास जात नाही म्हणून. बाबांना शेवटची चार वर्षे फुप्फुसाचाच त्रास होता.


आजोळ_पेडणे – २५ एप्रिल, सकाळी ११:२०

माझी आठवण. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. आजोळी मे महिन्यात विहीर उपसायला घेतली होती. डिझेलचा पंप खाली कठड्यावर ठेवलेला. पहिला गडी खाली बेशुद्ध पडला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही पडला. तिसरा उतरायला निघाला आणि तेवढ्यात बंब आला. त्यातल्या एका उंच जवानाने त्या तिसऱ्याला कॉलरला धरून मागे ओढले आणि जांभ्याच्या खांबाला टेकवून उभे केले. “हालूं नाका” एवढेच म्हणाला. मग पाठीवर हवेची टाकी चढवली, वरून पाण्याचा फवारा मारायला लावला आणि दोर बांधून उतरला. एक वाचला, एक नाही.

मी आठ वर्षांचा होतो. कुळागरातली ताई, ते तुमचे बाबा तर नसतील?


बंबवाला_निवृत्त – २५ एप्रिल, दुपारी १२:४०

बंद विहिरीत इंजिन चालवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. न वापरलेल्या जुन्या विहिरीत गाळाचा वायूही असतो. माणूस ओरडायच्या आत खाली बसतो. एकामागून एक उतरून घरातली तीन-तीन माणसे गेलेली मी पाहिली आहेत. मे महिना आलाच आहे, सगळे विहिरी उपसतील. पंप वर ठेवा, खाली माणूस पडला तर दुसरा उतरवू नका. १०१ किंवा ११२.


कुळागरातली – २५ एप्रिल, रात्री ९:१५

@आजोळ_पेडणे, वही आणि बाबांची नोकरीची कागदपत्रे दोन्ही बघितली. त्या वर्षी ते कुडचड्याला होते आणि पेडण्याचे एकही गाव वहीत नाही. शिवाय बाबा उंच नव्हते. दुसरे कुणी असतील ते. ते जिथे असतील तिथे त्यांना आमचा नमस्कार.


आजोळ_पेडणे – २५ एप्रिल, रात्री ९:४०

ठीक. विचारल्याशिवाय राहवले नाही.


मोगरीची_माळ – २६ एप्रिल, सकाळी ९:००

शिरगावच्या जत्रेला बंब उभा असतो, तिथे तुमचे बाबा कधी होते का? माझे काका लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त. वैशाख शुद्ध पंचमीला आम्ही सगळे जायचो.


कुळागरातली – २६ एप्रिल, दुपारी २:२०

हो! डिचोलीला असताना दर वर्षी. आणि त्यात गंमत अशी की माझे धाकटे काका धोंड. ते व्रत धरून, तळीत आंघोळ करून, बेतकाठी घेऊन पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जायचे, आणि थोरला भाऊ खाकी कपड्यांत बंबाजवळ उभा. आजी म्हणायची, माझा एक झील उज्यांतल्यान वता, एक झील उजो पालयता, देवीक दोगूय जाय (एक मुलगा आगीतून जातो, एक आग विझवतो, देवीला दोघेही हवेत). काका पार झाले की बाबा आधी त्यांचे तळपाय बघायचे. काही झालेले नसायचे, तरी बघायचे. मग काका ओंजळभर मोगरीच्या कळ्या त्यांच्या खिशात टाकायचे आणि बाबा त्या आईला आणून द्यायचे.

आज आईला हे विचारले तर म्हणाली, गणवेशाच्या खिशातली मोगरी म्हणून धुराच्या वासाची असायची. तरी माळली.


रानवाट – २६ एप्रिल, रात्री ८:३०

मी केरीचा, फोंडा तालुक्यातला. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते तेव्हा आम्ही काही पोरे स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. वरून हेलिकॉप्टर पाणी सोडत होते, पण झाडीखाली जमिनीवरची आग हिरव्या फांद्यांनी झोडपूनच विझवावी लागत होती. तिथे एक निवृत्त फायरमन आले होते, साठी उलटलेले, पायात साध्या वहाणा. त्यांनी आम्हाला वाऱ्याच्या उलट बाजूने उभे केले, पालापाचोळा ओढून जाळरेषा कशी मोकळी करायची ते दाखवले, आणि झर कुठे आहे ते सांगितले. ती झर वनखात्याच्या माणसालाही ठाऊक नव्हती. नाव विचारायचे राहिले. ताई, त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी होती.


कुळागरातली – २६ एप्रिल, रात्री ८:४५

बाबा. शंभर टक्के. आई त्यांना जाऊ देत नव्हती, खोकला होता. काजूला जातो म्हणून सांगून गेले आणि दोन दिवसांनी आले. वहीत शेवटची नोंद त्याच झरीची आहे: “झर. मार्चमध्येही बोटभर धार. बंब जात नाही. घागरीने.”


तिखटमीठ – २६ एप्रिल, रात्री ८:५०

अंगावर काटा आला.


बंबवाला_निवृत्त – २७ एप्रिल, सकाळी १०:००

बंब जात नाही तिथलीही नोंद केली. असा माणूस आमच्या स्टेशनला असता तर!

ताई, तुमच्याकडे १४ एप्रिल पाळायचे का? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाला आग लागली, त्याच जहाजात दारूगोळा होता. आमचे लोक डेकवर उभे राहून पाणी मारत असताना स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह.


कुळागरातली – २७ एप्रिल, रात्री ९:५०

पाळायचे. स्टेशनवर मानवंदना असायची आणि निवृत्तीनंतर घरीच सकाळी अंगणात दोन मिनिटे उभे राहायचे. नातवालाही उभे करायचे. यंदा १४ तारखेला तो एकटाच जाऊन उभा राहिला. कुणी सांगितले नव्हते. तो सात वर्षांचा आहे.


घाटावरचा – २८ एप्रिल, सकाळी ८:१५

धागा बराच लांब गेला, पण मूळ प्रश्न राहिला. वहीचे काय ठरले? मी आधी जरा रुक्षपणे लिहिले होते. म्हणणे तेच आहे, पण त्याला जोडून एक सुचवतो. आता मे येतोय. तुमच्या बाबांनी नोंदी मेअखेरच्या घेतल्या, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली. मग पडताळायलाही हीच वेळ. सगळी वही नाही, पण जवळची चार गावे तरी.


रानवाट – २८ एप्रिल, सकाळी ८:४०

मी येतो. मोटरसायकल आहे, रविवार मोकळा असतो.


शाळामास्तर – २८ एप्रिल, सकाळी ११:००

घाटावरचा यांचे म्हणणे मान्य. नकाशा नंतर. आधी पडताळणी. ताई, बाबांच्या नोंदीवर खाडाखोड करू नका, शेजारी नवा रकाना आखा आणि तारीख घाला.


कुळागरातली – २८ एप्रिल, रात्री १०:३०

बरे. भाऊही तयार आहे. तो वही देऊन टाकायचे म्हणत होता, कारण त्याला ती घरात बघवत नव्हती. आज त्यानेच दोरीवर मीटरच्या गाठी मारायला घेतल्या आहेत.


कुळागरातली – २५ मे, रात्री ९:१५

मंडळी, धागा वर काढते.

चार रविवार फिरलो. मी, भाऊ, रानवाट आणि माझा मुलगा. सावईवेरे, केरी, वळवई आणि बेतकीचा थोडा भाग. वहीतल्या एकोणतीस जागा बघितल्या. सात विहिरी बुजवल्या आहेत. पाचांवर जाळी आणि कुलूप, किल्ली कुणाकडे ते लिहून घेतले. एके ठिकाणी विहीर तशीच आहे, पण वाटेवर गेट आले आणि बंब शिरणार नाही. “आंब्याची फांदी आड येते” तो आंबा नाही आता, त्यामुळे वाट सोपी झाली. कुत्र्याचे भाटकार वारले, त्यांच्या सुनेने आम्हाला बसवून सरबत दिले. बाबांना ओळखत होती. “दर दोन-तीन वर्सांनी येताले, दोरी घेवन,” म्हणाली.

आठ ठिकाणी पाणी बाबांच्या नोंदीपेक्षा मीटर-दीड मीटर खाली आहे. दोन विहिरी तर आता सात मीटरच्या पलीकडे गेल्या. त्यांच्यापुढे भावाने लाल खूण केली.

भावाने परवा स्टेशनवर जाऊन झेरॉक्स दिली, आमच्या नव्या रकान्यासह. ड्युटीवरच्या तरुण मुलाने दोन पाने चाळली, उठून उभा राहिला आणि आत जाऊन सगळ्यांना बोलावून आणले. मूळ वही कपाटात आहे, आईच्या म्हणण्याप्रमाणे. दर मेमध्ये बाहेर निघेल. फोटो मात्र सध्या कुठे टाकत नाही, शाळामास्तर, उरलेली गावे पडताळून झाली की तुम्हाला आधी पाठवीन.


शाळामास्तर – २५ मे, रात्री ९:३५

वाट बघतो. घाई नाही.


मनातलं_कोणी – २५ मे, रात्री १०:१०

परवा वडिलांना फोन केला. त्यांना विचारले, तुमच्या हद्दीत पाणी कुठे कुठे होते. पाऊण तास बोलत होते.


अबोली – २५ मे, रात्री १०:१५

❤️


बंबवाला_निवृत्त – २६ मे, सकाळी ७:३०

ताई, एक विचारू? तुमच्या स्वतःच्या घरची विहीर वहीत कितीव्या पानावर आहे?


कुळागरातली – २६ मे, रात्री ८:२०

दादा, तुमचा प्रश्न वाचून सगळी वही पुन्हा चाळली. नाही. घरची बांय त्यांनी लिहिलेलीच नाही. आईला सांगितले तर म्हणाली, ती त्याका तोंडपाठ आशिल्ली.

आज संध्याकाळी आम्ही मोजली. दोरी आईने धरली. शेवटच्या कोऱ्या पानावर मुलाने लिहिले आहे, त्याच्याच अक्षरात, मी नुसते शब्द सांगितले: “आजोबांची बांय. २६ मे. पाणी ४ मीटर २० सेंटीमीटर. २ पाइप. बंब अंगणापर्यंत येतो, तुळशीच्या उजवीकडून.”